आत्मपरीक्षणाचं ॲप: शंभरपैकी गुण मिळतात, समोरच्या माणसाला रकाना नाही

पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन मनापासून दिलेले आहेत.

ख्रिस्ती माणसाने रोज रात्री स्वतःच्या वागण्याची तपासणी करावी म्हणून हे ॲप बनवलेलं आहे. नाव मुद्दाम घेत नाही. याच घडणीची आणखीही ॲप्स आहेत आणि माझी तक्रार त्या घडणीबद्दल आहे. मी व्यवसायाने हिशेबतपासनीस. रविवारी मंडळीत दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीचा, वर्ग घेते. वर्गातल्या मुलामुलींनी हे ॲप घेतलं म्हणून मीही घेतलं, नेमाने वापरलं, आणि त्यातल्या गुणांनी त्या मुलांचं काय केलं ते जवळून पाहिलं.

रात्री आपण ठरवलेल्या वेळी सूचना येते. मग वीसेक प्रश्न: आज राग आला का, खोटं बोललात का, कुणाचा हेवा वाटला का, डोळ्यांवर ताबा राहिला का, वचन वाचलं का, प्रार्थना किती वेळ केली. प्रत्येक प्रश्नाखालची पट्टी सरकवून उत्तर द्यायचं. शेवटी १०० पैकी गुण मिळतात आणि महिन्याचा आलेख दिसतो. सलग दिवस भरत गेलं की पडद्यावरची ज्योत मोठी होत जाते, एक रात्र चुकली की विझते. या सगळ्याच्या वर ठळक अक्षरांत मत्तय ५:४८, म्हणजे तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्हीही पूर्ण व्हा, हे वचन.

चांगलं आधी सांगते. जाहिराती नाहीत. काही प्रश्न इतके नेमके आहेत की ज्याने ते लिहिले त्याला माणसं कळतात असं वाटतं. ‘आज कोणाचं बोलणं पूर्ण न ऐकता उत्तर दिलंत?’ हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर लिहिला आणि त्यावर तासभर बोलणं झालं. दिवसाच्या शेवटी थांबून मागे वळून बघण्याची सवय लावणं ही लहान गोष्ट नाही, आणि ही सवय फार जुनी आहे. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या साधनाक्रमात दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण सांगितलं. ज्या एका दोषावर काम करायचं, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर मांडायचे आणि काल-आजची तुलना करायची. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची छोटी वही केली होती. आठवड्याला एक सद्गुण डोळ्यांसमोर ठेवायचा, चूक झाली की काळा ठिपका, तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात अशा चार फेऱ्या. तेव्हा वही ठेवण्याला माझा विरोध नाही. माझं सगळं पोट वह्यांवरच चालतं.

पण इग्नेशियसच्या रोजच्या परीक्षणाची पहिली पायरी आभाराची होती. दिवसभरात देवाने काय दिलं ते आधी आठवायचं, मग पाप ओळखण्यासाठी त्याच्याकडे कृपा मागायची, आणि तेव्हा कुठे हिशेबाला बसायचं. या ॲपमध्ये उघडताक्षणी कालचे गुण दिसतात. काल ६१ होते, आज किती? माणूस देवापुढे बसण्याआधीच निकालापुढे बसतो.

वर्गातल्या एका मुलीचं यामुळे काय झालं ते सांगते. मुलगी हुशार, मनाने हळवी. घरात आजारपण होतं, चिडचिड होत होती, आणि रोज रात्री ती इमानदारीने पट्टी सरकवत होती. आलेख खाली खाली गेला. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठली नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, “ताई, चाळीसच्या वर जात नाहीये. मी कशी घेऊ?” तिच्या मनात तो आकडा आता ॲपचा राहिलेला नव्हता, तो देवाने दिलेला आकडा झाला होता. मला त्या क्षणी ॲप बनवणाऱ्यांचा खरोखर राग आला. वाईट हेतूने कुणी केलं नसेल हे, पण सोळा वर्षांच्या जिवाच्या हातात दिलं आहे.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच वाटेने गेला होता. १५०५ मध्ये तो एरफुर्टच्या मठात दाखल झाला आणि तिथे पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठत नसे. काही राहिलं तर नाही ना, या धास्तीने पुन्हा परत जाई. त्याची कबुली ऐकणारे, त्याचे वरिष्ठ स्टाउपिट्झ, अक्षरशः थकून जात. पुढे ल्यूथर ज्या शिकवणीवर उभा राहिला ती अशी की विश्वास ठेवणारा माणूस एकाच वेळी देवापुढे नीतिमान असतो आणि पापीही असतो. शंभरपैकी चाळीस नीतिमान आणि साठ पापी असं नव्हे, दोन्ही पूर्णपणे. हे कुठल्याही आलेखावर काढता येत नाही. त्या मुलीला मी हेच सांगितलं, आणि प्रभूचं मेज हे बक्षीस समारंभाचं मेज नाही हेही सांगितलं. आपला शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला ठाऊक होतं, तरी शेवटच्या भोजनाच्या त्याच रात्री पेत्राला भाकर मिळाली होती.

आता त्या ठळक वचनाकडे. ते तिथे तसं एकटं छापणं मला मान्य नाही. पाचव्या अध्यायात त्याच्या आधी येशू शत्रूंवर प्रीती करा असं सांगतो. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊस दोघांवर पाडतो. जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत तर त्यात विशेष काय? आणि मग, पित्यासारखे पूर्ण व्हा. म्हणजे ही पूर्णता निष्कलंक दैनंदिनीची नव्हेच. जो आपल्याला नकोसा आहे त्याला प्रीतीतून वगळू नका, असं ते मागणं आहे, आणि ते वीस प्रश्नांपेक्षा कितीतरी कठीण आहे. ॲपमध्ये शत्रूबद्दल एकही प्रश्न नाही. मी दोनदा शोधला.

नवा करार वाचणाऱ्याला निर्दोष ख्रिस्ती माणूस भेटतच नाही. आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, असं योहानाच्या पहिल्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे. आपण अजून पूर्ण झालेलो नाही, धावतो आहोत, असं पौल फिलिप्पैकरांना लिहितो. करिंथच्या मंडळीला तो पवित्र जन म्हणून हाक मारतो आणि लगेच त्यांची भांडणं, त्यांचे खटले, प्रभुभोजनाच्या वेळी गरिबांना उपाशी ठेवणं, सगळं मांडतो. प्रत्यक्ष पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून बाजूला होतो आणि पौलाला सर्वांसमोर त्याला अडवावं लागतं. ही गोष्ट गलतीकरांच्या पत्रात जशीच्या तशी आहे, मंडळीने ती झाकली नाही.

पुढच्या काळात हा वाद पेटला तेव्हाही उत्तर तेच राहिलं. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो, या पेलाजियस नावाच्या उपदेशकाच्या शिकवणीवर ४१८ साली कार्थेजला आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद झाली. तिने घेतलेल्या निर्णयांतला एक मला फार आवडतो. प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ ही ओळ संत मंडळी केवळ नम्रतेपोटी म्हणतात, त्यांना स्वतःसाठी तिची गरज नसते, असं म्हणणाऱ्यांना परिषदेने चुकीचं ठरवलं. संतसुद्धा ती ओळ खरोखर स्वतःसाठी म्हणतो. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात ख्रिस्ती पूर्णतेचा एवढा आग्रह धरला, तरी त्या पूर्णतेत अज्ञान, चुका, दुबळेपणा आणि मोह संपत नाहीत हे तो वारंवार सांगत होता, आणि ती अवस्था आपण गाठली असा दावा त्याने स्वतःबद्दल केला नाही.

मग आमच्याकडून काहीच अपेक्षा ठेवू नये का? इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ॲपवरच्या इतर अभिप्रायांत बऱ्याच जणांनी मोठ्या प्रेमाने लिहिलं आहे: ‘गुणांचं मनावर घेऊ नका, शेवटी आपण सगळे पापीच आहोत.’ हे वाक्य मला ऐकवत नाही. ते खरं आहे, पण ते उच्चारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो हे म्हणाला तर ती क्षमा. ज्याने अन्याय केला तो म्हणाला तर ती पळवाट.

२००२ मध्ये बोस्टनच्या वृत्तपत्राने तिथल्या कॅथॉलिक धर्मप्रांताची प्रकरणं उघड केली. लहान मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं गेलं होतं आणि वरिष्ठांना ते ठाऊक होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपदाचा राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी लोक चर्चवर चिडले ते धर्मगुरू देवदूत निघाले नाहीत म्हणून चिडले नव्हते. मुलांना वाचवण्याऐवजी नाव वाचवलं गेलं, म्हणून चिडले होते. जाँ व्हानिए यांचं असंच. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसोबत एकत्र राहण्याची चळवळ त्यांनी १९६४ मध्ये उभी केली, जगाने त्यांना जिवंतपणीच संत मानलं. २०१९ मध्ये ते वारले आणि २०२० मध्ये त्यांच्याच संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीत त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं जाहीर झालं. ते वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. पण संस्थेने ते स्वतः शोधून, स्वतः छापून जगापुढे ठेवलं. ख्रिस्ती माणसाकडून, ख्रिस्ती संस्थेकडून मी हीच अपेक्षा ठेवते आणि ती पूर्ण ताकदीने ठेवते. चूक झाली की नाव घेऊन सांगा, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, भरपाई करा, पद सोडावं लागलं तर सोडा, गुन्हा असेल तर कायद्यापुढे उभे राहा. बाहेरच्या माणसाने आम्हाला ‘तुम्ही ख्रिस्ती ना?’ असं विचारलं तर त्याचा राग येऊ नये. झाड फळांवरून ओळखा असं येशूनेच सांगून ठेवलं आहे. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल असं याकोबाने लिहिलं आहे, म्हणजे माझ्यासारखीला तर सवलत नाहीच.

आणि याच जागी ॲप नापास होतं.

माझ्या धंद्यात द्विनोंदी पद्धत चालते. १४९४ मध्ये वेनिसला तिची मांडणी पहिल्यांदा छापून प्रसिद्ध केली ती लूका पाचोली या फ्रान्सिस्कन मठवाशाने. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा. माझ्याकडून गेलं तर कुणाकडे तरी गेलं, माझ्याकडे आलं तर कुणाचं तरी आलं. एकाच खात्यात लिहिलेली वही माझ्यापुढे आली तर मी ती परत पाठवते. या ॲपची वही तशी एकखाती आहे. ‘आज राग आला का?’ हो. किती? सात. संपलं. कोणावर आला, त्याने त्या दिवशी काय सोसलं, तुम्ही त्याच्याशी उद्या काय बोलणार, याला जागाच नाही. पाप म्हणजे माझ्या स्वच्छ पाटीवरचा डाग, एवढंच उरतं. समोरचा माणूस हिशेबातून गायब.

येशूने हे उलट सांगितलं. त्याच मत्तय पाचमध्ये, फक्त पंचवीस ओव्यांआधी: वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. उपासनासुद्धा थांबवायची. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला तेव्हा त्याने मनातले विकार मोजून दाखवले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं तो बोलला. हिशेबतपासनीस म्हणून सांगते, चौपट परत करायचं म्हणजे जुन्या वह्या काढून प्रत्येकाचं नाव शोधावं लागतं. त्याचं तारण त्या नावांपर्यंत पोचलं.

वर्गातला एक मुलगा या ॲपवर नव्वदच्या खाली येत नाही. तो लबाडी करत नाही, खरीच उत्तरं देतो. राग येत नाही, खोटं बोलत नाही, वचन रोज वाचतो. आणि वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो, त्याची नक्कल हाच काढतो आणि सगळे हसतात. त्यात त्याला राग नसतो, हेवा नसतो, गंमत असते. त्यामुळे वीसपैकी एकाही प्रश्नाला ते लागत नाही. मी त्याला बाजूला घेऊन बोलले तेव्हा त्याने गोंधळून फोनच पुढे केला होता. त्याला दोष देत नाही मी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ही पोरासोरांची गोष्ट वाटेल कुणाला. जॉन न्यूटनची आठवण करून देते. १७४८ मधल्या वादळात हा खलाशी देवाकडे वळला आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला, पुढे तर कप्तान म्हणून. शिवीगाळ सोडली होती. प्रार्थना करत होता, वाचन करत होता, रविवारी खलाशांची उपासना घेत होता, आणि खाली तळघरात माणसं साखळ्यांत होती. आमच्या ॲपने त्याला उत्तम गुण दिले असते, ज्योतही मोठी झाली असती. १७६४ मध्ये तो पाळक झाला. १७८८ मध्ये मात्र त्याने त्या व्यापाराविरुद्ध पत्रक छापलं, त्यात आपला वाटा नाव देऊन कबूल केला, आणि पुढे संसदेच्या चौकशीत जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. ब्रिटनमध्ये त्या व्यापारावर बंदी आली १८०७ मध्ये, आणि त्याच वर्षाअखेर न्यूटन वारला. त्याला शुद्धीवर यायला किती वर्षं लागली हे पाहून मला चीड येते, आणि तो कबुली द्यायला उभा राहिला याचा आदरही वाटतो. दोन्ही भावना मी जवळ ठेवते. तो निर्मळ असायला हवा होता असं म्हणून त्याला निकालात काढणं सोपं आहे, पण तसं केलं तर त्याची साक्षही जाते, आणि ती त्या माणसांच्या कामाची होती.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. ‘समूह’ नावाचा भाग आहे. मंडळीतले लोक एकत्र जोडले जातात आणि सरासरी गुणांप्रमाणे नावं वरखाली होतात. हे ताबडतोब बंद करावं. २५० साली रोमन सम्राट डेसियसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात अनेकांनी जीव वाचवण्यासाठी मूर्तींना बळी वाहिला. पुढच्या वर्षी रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूने आग्रह धरला की अशांना पुन्हा मंडळीत घेऊच नये, शुद्धांचीच मंडळी हवी. रोमचा बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन यांनी पश्चात्तापानंतर दार उघडं ठेवलं. आपण त्या दाराने आत आलेल्यांचे वारस आहोत. यादीत खाली ढकललेलं नाव पाहून कुणी बरा होत नाही. तो मनातून दूर जातो किंवा खोटी उत्तरं द्यायला शिकतो.

‘नव्याने सुरुवात’ हे बटण दाबलं की मागची सगळी नोंद पुसली जाते. पहिल्यांदा बरं वाटतं. पण बाप्तिस्म्याने मागचं सगळं धुतलं जातं, मग तो शेवटीच घ्यावा, या हिशेबाने एकेकाळी लोक तो लांबणीवर टाकत. कॉन्स्टंटाइन सम्राटाने ३३७ मध्ये मरणशय्येवर घेतला. लहानपणी आजारी पडलेल्या संत ऑगस्टीनचा पुढे ढकलला गेला तोही अशाच विचाराने. कोरी पाटी सांभाळायचं वेड जुनंच आहे. पुसण्याआधी ‘यातलं कुणाशी बोलायचं बाकी आहे?’ एवढं तरी बटणाने विचारावं.

गुप्ततेचं मात्र गंभीर आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापकबुली द्यावी असा नियम केला, आणि त्याच नियमात कबुली फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कायमचं मठात डांबण्याची शिक्षा सांगितली. कबुली मागणाऱ्यावर गुप्ततेचं ओझं तेवढंच जड असलं पाहिजे, हे त्या लोकांना कळत होतं. या ॲपच्या अटींत मात्र ‘ओळख काढून टाकलेली माहिती’ भागीदार कंपन्यांना दिली जाऊ शकते असं लिहिलं आहे. उत्तरं फोनवरच न राहता त्यांच्या सर्व्हरवर जातात. माणसाने रात्री देवापुढे उघडलेलं मन कुठल्या भागीदाराकडे आणि कशासाठी जाणार? मी विचारणा केली आहे, उत्तर आलेलं नाही.

वापरायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन गुण आणि आलेख दोन्ही लपवता येतात, पर्याय ‘दिसणे’ या भागात खाली आहे. समूहात सामील होऊ नका. प्रश्न वाचा, ते खरंच चांगले आहेत. प्रत्येक ‘हो’पुढे कागदावर त्या माणसाचं नाव आणि उद्या करायची गोष्ट लिहा. वर्गात आम्ही आता असंच करतो, साध्या वहीत दोन रकाने आखून. नक्कल काढणाऱ्या त्या मुलाने दुसऱ्या रकान्यात नाव लिहिलं आहे, अजून जाऊन बोललेला नाही. मी घाई करत नाही, पण विसरूही देत नाही. ज्यांना आधीच अपराधीपणाचा जाच होतो त्यांनी हे ॲप घेऊ नये. त्यांनी पाळकांशी किंवा समुपदेशकाशी समोरासमोर बोलावं. आणि जे काढून टाकणार असतील त्यांनी लक्षात ठेवा, फोनवरून ॲप उडवलं तरी खातं आणि उत्तरं त्यांच्याकडे राहतात. आधी ‘खाते’ उघडून ‘कायमचे हटवा’ निवडा, पुष्टीचा संदेश येईपर्यंत थांबा, आणि मगच ॲप काढा.